राज्यपाल व अनुसूचित क्षेत्र : शहापूर-मुरबाड

राज्यपाल : भारतीय संघराज्यातील घटक राज्याचा संविधानात्मक प्रमुख. राज्याची कार्यकारी सत्ता राज्यपालाच्या ठायी निहित असते व ती संविधानास अनुसरून, सामान्यतः मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरली जाते. या सामान्य नियमास जे थोडे अपवाद आहेत, त्यांतील अनुसूचित क्षेत्राविषयीचा अधिकार सर्वांत कमी चर्चिला गेलेला, परंतु आदिवासी प्रदेशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा होय. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे लागून असलेले दोन तालुके या अधिकाराचे स्वरूप समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहेत. संपूर्ण शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. मुरबाड तालुक्याची केवळ काही गावे त्यात येतात. सह्याद्रीच्या एकाच उतरणीवर, एकाच ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी समाजांची वस्ती असताना गावाच्या शिवेबरोबर कायदा बदलतो, असे दृश्य येथे पाहावयास मिळते.

पूर्वपीठिका : मुंबई बेट १६६५ मध्ये इंग्रजांच्या प्रत्यक्ष ताब्यात आले, तेव्हापासून तेथे गव्हर्नर हे पद आहे. पहिला गव्हर्नर हंफ्री कुक. प्रारंभी हे पद म्हणजे व्यापारी वखारीच्या प्रमुखाचेच विस्तारित रूप होते. जेरल्ड अँजिअर (कार. १६६९–७७) याने त्यास नागरी प्रशासनाचे वळण दिले. उत्तर कोकण १८१७-१८ मध्ये पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेले व त्याबरोबर शहापूर-मुरबाडचा डोंगराळ मुलूखही मुंबईच्या गव्हर्नराच्या अमलाखाली आला. जुन्या कागदपत्रांत शहापूरचा भाग कोळवण या नावाने आढळतो. माउंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन (कार. १८१९–२७) याची जमाबंदी व न्यायव्यवस्थेची धोरणे देशावरील गावगाड्यास समोर ठेवून आखलेली होती, डोंगरातील फिरती शेती, जंगलावरील सामाईक हक्क व वेठ यांचा त्यांत फारसा विचार नव्हता. पुढे सावकारी व जंगल खात्याचे निर्बंध यांनी हा भाग पोखरला गेला. राघोजी भांगरे याचे बंड याच असंतोषातून उद्भवले; त्यास १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. मराठी बोलीत गव्हर्नरास ‘लाटसाहेब’ म्हणत. डोंगरातील पाड्यांपर्यंत मात्र लाटसाहेब पोहोचला तो पोलीस, जंगल रखवालदार आणि कारकून यांच्या रूपाने.

आदिवासी प्रदेशासाठी गव्हर्नराचा स्वतंत्र अधिकार स्पष्टपणे प्रस्थापित झाला तो १९३५ च्या भारत सरकारच्या कायद्याने. या कायद्याच्या ९१ व ९२ या कलमांनुसार काही प्रदेश ‘वर्जित’ व काही ‘अंशतः वर्जित’ ठरविण्यात आले. १९३६ च्या आदेशाने मुंबई प्रांतातील जे प्रदेश अंशतः वर्जित झाले, त्यांत ठाणे जिल्ह्यातील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे होते. मुरबाड त्यात नव्हता. तालुका किंवा पेटा हे एकक धरून रेषा आखली गेल्यामुळे माळशेज व नाणेघाटाच्या पायथ्याची मुरबाडमधील आदिवासी गावे बाहेर राहिली. ही रेषा पुढे जवळजवळ पन्नास वर्षे टिकली.

अंशतः वर्जित क्षेत्राचा कारभार मंत्र्यांकडे असला, तरी तेथील शांतता व सुशासन ही गव्हर्नराची खास जबाबदारी मानलेली होती. प्रांतिक किंवा मध्यवर्ती विधिमंडळाचा कोणताही कायदा गव्हर्नराने जाहीर अधिसूचना काढून लागू केल्याखेरीज अशा क्षेत्रात लागू होत नसे. या क्षेत्रांतील आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी मुंबई सरकारने डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याची नेमणूक केली. त्याच्या अहवालात ठाणे जिल्ह्यातील वेठबिगार, सावकारी व जमिनीचे हस्तांतर यांचे जे चित्र आले, ते आजही वाचकास अस्वस्थ करणारे आहे. कायद्याने संरक्षित ठरविलेल्या प्रदेशाचेच ते चित्र होते, ही बाब लक्षणीय आहे.

बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाने नोव्हेंबर १९३९ मध्ये राजीनामा दिल्यानंतर ९३ व्या कलमान्वये प्रांताचा सर्व कारभार गव्हर्नराने स्वतःकडे घेतला व तो १९४६ पर्यंत चालला. सर रॉजर लम्ली (कार. १९३७–४३) व सर जॉन कॉलव्हिल (कार. १९४३–४८) हे या काळातील गव्हर्नर. मुंबईच्या कारखान्यांस वीज पुरविणाऱ्या वाहिन्यांचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे नेते भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील हे २ जानेवारी १९४३ रोजी मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीबारात हुतात्मा झाले, ते याच प्रत्यक्ष गव्हर्नर-राजवटीत. डहाणू-उंबरगाव भागातील १९४५ चा वारली शेतकऱ्यांचा वेठबिगारीविरुद्धचा लढाही याच काळातला. गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखालील या लढ्याने जे साधले, ते ९२ व्या कलमाच्या तरतुदींनी दहा वर्षांत साधलेले नव्हते.

संविधानातील स्थान : राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा, असा विचार संविधानसभेत प्रथम मान्य झाला होता. निवडून आलेला राज्यपाल व विधिमंडळास जबाबदार मुख्यमंत्री यांच्यात संघर्ष अटळ होईल, या कारणास्तव १९४९ मध्ये तो सोडून देण्यात आला व राष्ट्रपतीने नियुक्ती करण्याची पद्धत स्वीकारली गेली (अनुच्छेद १५५). राज्यपाल भारताचा नागरिक व वयाची ३५ वर्षे पूर्ण केलेला असावा लागतो. त्याची मुदत पाच वर्षांची, परंतु ती राष्ट्रपतीच्या मर्जीवर अवलंबून असते. राज्यपालपद ही केंद्र सरकारची नोकरी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये हरगोविंद पंत खटल्यात स्पष्ट केले. मर्जीचा वापर मनमानी असू नये, हे २०१० मध्ये बी. पी. सिंघल खटल्यात सांगितले. १९५६ पासून एकाच व्यक्तीस दोन वा अधिक राज्यांचा राज्यपाल नेमता येते.

मुख्यमंत्र्याची नियुक्ती, विधिमंडळाचे अधिवेशन बोलाविणे, विधेयकास अनुमती देणे अथवा ते राष्ट्रपतीच्या विचारार्थ राखून ठेवणे, वटहुकूम काढणे, शिक्षेत सूट देणे, विधान परिषदेवर सदस्य नामनिर्देशित करणे (महाराष्ट्रात ७८ पैकी १२) ही त्याची परिचित कार्ये होत. यांतील बहुतेक मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच करावयाची असतात, हा दंडक शमशेर सिंग खटल्याच्या (१९७४) निर्णयाने दृढ झाला. स्वविवेकाचे क्षेत्र कोठे संपते, याविषयीचे वाद मात्र वारंवार उद्भवतात. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१९ मध्ये राष्ट्रपती राजवट उठवून भल्या पहाटे झालेला शपथविधी व जून २०२२ मधील बहुमत चाचणीचा आदेश यांनी हे पद वादाच्या केंद्रस्थानी आणले. दुसऱ्या प्रकरणी राज्यपालांकडे बहुमत चाचणीचा आदेश देण्यास पुरेसा वस्तुनिष्ठ आधार नव्हता, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये दिला. राज्यात राष्ट्रपती राजवट १९८०, २०१४ व २०१९ अशी तीन वेळा लागू झाली.

पाचवी अनुसूची : अनुच्छेद २४४ (१) अन्वये अनुसूचित क्षेत्रांचा कारभार पाचव्या अनुसूचीप्रमाणे चालतो. या अनुसूचीत राज्यपालाकडे तीन प्रकारची कामे सोपविलेली आहेत. अशा क्षेत्राच्या प्रशासनाविषयी त्याने दरवर्षी राष्ट्रपतीस अहवाल द्यावयाचा असतो. संसदेचा वा राज्य विधिमंडळाचा एखादा कायदा त्या क्षेत्रास लागू होणार नाही, किंवा काही फेरबदलांसह लागू होईल, असा आदेश तो अधिसूचनेद्वारे देऊ शकतो. शांतता व सुशासन यांसाठी तो विनियम करू शकतो. त्यांत आदिवासींच्या जमिनीच्या हस्तांतरास बंदी, जमीनवाटप व सावकारीचे नियंत्रण यांचा खास उल्लेख आहे. विनियम करण्यापूर्वी जनजाती सलाहकार परिषदेचा विचार घ्यावा लागतो व राष्ट्रपतीची अनुमती मिळाल्याशिवाय ते अमलात येत नाहीत. या परिषदेत वीसपर्यंत सदस्य असतात व त्यांपैकी शक्य तो तीन-चतुर्थांश हे विधानसभेतील अनुसूचित जमातींचे प्रतिनिधी असतात.

१९३५ च्या कायद्याशी तुलना करता एक फरक ध्यानात घेण्यासारखा आहे. तेव्हा गव्हर्नर बोलेपर्यंत कायदा डोंगरात शिरत नसे. संविधानात हा क्रम उलटला : प्रत्येक कायदा आपोआप लागू होतो आणि राज्यपालाने सांगितले तरच थांबतो. प्रजासत्ताक राज्यात आदिवासी प्रदेशास कायद्याबाहेर न ठेवण्याची भूमिका तत्त्वतः योग्यच होती. तथापि त्यामुळे राज्यपालाच्या मौनाचा अर्थही बदलला. पूर्वी मौन म्हणजे अडथळा होता. आता मौन म्हणजे संमती ठरू लागली. जंगल, अबकारी, भूसंपादन, नगररचना यांविषयीचे कायदे शहापूरच्या पाड्यांवर जसेच्या तसे लागू झाले, ते या मौनामुळे.

महाराष्ट्रात आदिवासींच्या जमिनीचे संरक्षण मुख्यतः विधिमंडळाच्या कायद्यांनी झाले, राज्यपालाच्या विनियमांनी नव्हे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ साली समाविष्ट झालेले ३६ अ हे कलम व आदिवासींना जमिनी परत करण्याचा त्याच सालचा कायदा हे त्यांपैकी प्रमुख होत. हे कायदे राज्यभर लागू आहेत. आदिवासी कोणत्या गावी राहतो, हा प्रश्न त्यांत गौण ठरतो. यावरून आदिवासींस मिळणाऱ्या संरक्षणाचे दोन प्रकार वेगळे करता येतात : एक व्यक्तीबरोबर जाणारे व दुसरे भूमीशी जखडलेले. मुरबाडमधील प्रश्न दुसऱ्या प्रकारातला आहे.

शहापूर व मुरबाड : अनुसूचित क्षेत्रे राष्ट्रपतीच्या आदेशाने ठरतात. १९५० च्या आदेशात ठाणे जिल्ह्याच्या बाबतीत पूर्वीचीच रचना बहुतांशी कायम राहिली. शहापूर आत, मुरबाड बाहेर. ढेबर आयोगाने (१९६०-६१) आदिवासी लोकसंख्येचे प्राबल्य, सलग व वाजवी आकाराचा प्रदेश, अविकसित स्वरूप व लोकांच्या आर्थिक पातळीतील ठळक तफावत या कसोट्या सुचविल्या. १९७६ च्या दुरुस्तीने राज्याच्या राज्यपालाशी विचारविनिमय करून अनुसूचित क्षेत्र वाढविण्याचा अधिकार राष्ट्रपतीस मिळाला. त्यानुसार महाराष्ट्रापुरता नवा आदेश १९८५ मध्ये निघाला; त्या वर्षअखेर कोना प्रभाकर राव हे राज्यपाल होते. या आदेशात शहापूर संपूर्ण तालुका म्हणून राहिला व मुरबाड तालुक्यातील ७७ गावे प्रथमच अनुसूचित क्षेत्रात आली. दोन्ही तालुक्यांतील आदिवासी विकासाचे काम शहापूर येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे आहे. विधानसभेचा शहापूर मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव असून मुरबाड सर्वसाधारण आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा इ. तालुके तिकडे गेले व ठाणे जिल्ह्यात संपूर्णपणे अनुसूचित असा शहापूर हा एकच तालुका उरला.

यादीत असण्याचे महत्त्व १९९६ च्या पंचायत (अनुसूचित क्षेत्रांवर विस्तार) कायद्यानंतर वाढले. हा कायदा सामान्यतः ‘पेसा’ या संक्षेपाने ओळखला जातो. गौण वनोपजाची मालकी, सावकारीवरील देखरेख, दारूविक्रीचे नियमन, भूसंपादनापूर्वी विचारविनिमय हे ग्रामसभेचे अधिकार अनुसूचित क्षेत्रातील गावांस मिळतात. पंचायतींचे प्रमुखपद अनुसूचित जमातींकडे राखून ठेवले जाते. राज्याचे यासंबंधीचे नियम २०१४ मध्ये झाले. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के निधी थेट ग्रामपंचायतींकडे देण्याची २०१५ पासूनची योजनाही याच गावांपुरती आहे. मुरबाड तालुक्यात यादीबाहेरच्या गावातील कातकरी वाडीस वनहक्क कायदा लागू असतो, जमिनीचे संरक्षण असते, पण ग्रामसभेचे हे विशेष अधिकार नसतात. ओढ्यापलीकडच्या गावात ते असतात. ही विषमता कोणा अधिकाऱ्याच्या दुर्लक्षाची नसून यादी करण्याच्या पद्धतीचीच आहे, आणि ती दूर करावयाची तर प्रारंभ राज्यपालाशी विचारविनिमयापासून व्हावा लागतो.

दीर्घकाळ जवळपास सुप्त असलेला अधिसूचनेचा अधिकार महाराष्ट्रात के. शंकरनारायणन (कार. २०१०–१४) यांच्या कारकीर्दीच्या उत्तरार्धापासून वापरात आला. राज्यपालांच्या सचिवालयात आदिवासी विषयांसाठी स्वतंत्र कक्ष निर्माण झाला. जून २०१४ च्या अधिसूचनेने तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका इ. स्थानिक पातळीवरील पदे अनुसूचित क्षेत्रात स्थानिक आदिवासी उमेदवारांमधून भरण्याची तरतूद झाली. अशा तरतुदींच्या मर्यादा पुढे स्पष्ट झाल्या : आंध्र प्रदेशातील शिक्षकभरतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने एप्रिल २०२० मध्ये शंभर टक्के आरक्षण अवैध ठरविले व पाचव्या अनुसूचीखालील अधिकार मूलभूत हक्कांच्या अधीन आहेत, असे सांगितले.

चे. विद्यासागर राव (कार. २०१४–१९) यांच्या काळातील दोन अधिसूचना एकत्र वाचल्या म्हणजे या अधिकाराचे दुधारी स्वरूप कळते. २०१६ मध्ये ३६ अ या कलमात फेरबदल करून अनुसूचित क्षेत्रातील आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यापूर्वी ग्रामसभेची मंजुरी आवश्यक करण्यात आली. २०१७ मध्ये दुसऱ्या अधिसूचनेने महामार्ग, लोहमार्ग, वीजवाहिन्या, जलवाहिन्या यांसारख्या रेषीय शासकीय प्रकल्पांसाठी, मोबदला न्याय्य व पारदर्शक रीतीने ठरलेला असल्यास, या मंजुरीतून सूट देण्यात आली. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचे भूसंपादन तेव्हा सुरू होते व तो मार्ग शहापूर तालुक्यातून जातो. जून २०२५ मध्ये त्याचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा वाहतुकीस खुला झाला. संरक्षण देणारा व ते शिथिल करणारा अधिकार एकाच परिच्छेदात आणि एकाच हाती असल्याने तो कोणाच्या सल्ल्याने वापरला जातो, हा प्रश्न केवळ पंडिती राहत नाही. अनुसूचीच्या शब्दांत ‘राज्यपाल’ असे म्हटले आहे. व्यवहारात मंत्रिमंडळाचा सल्ला गृहीत धरला जातो. या बाबतीत राज्यपालाने स्वविवेकाने वागावे, असे मत आदिवासी प्रश्नांच्या अनेक अभ्यासकांनी मांडले आहे. उलट, अनिर्वाचित पदाच्या हाती असा निरंकुश अधिकार देणे लोकशाहीस मानवणारे नाही, हा आक्षेपही तितकाच विचारार्ह आहे.

अनुच्छेद ३७१ (२) अन्वये विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांसाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विकास मंडळांमुळे निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारीही राज्यपालाकडे आली. मंडळांची मुदत एप्रिल २०२० मध्ये संपली. शहापूर व मुरबाड ‘उर्वरित महाराष्ट्रात’ मोडत, म्हणजे अनुशेषाच्या हिशेबात त्यांची गणना पुणे व मुंबई यांच्यासमवेत होई. सरासरीत त्यांचे दारिद्र्य दिसेनासे होणे स्वाभाविक होते. मुंबईस पाणी पुरविणारे तानसा (१८९२) व भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यातच असून तेथील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून राहावे लागते.

पदधारक : मुंबईचे पहिले भारतीय राज्यपाल राजा महाराज सिंग (१९४८–५२). त्यांच्यानंतर गिरिजाशंकर बाजपेयी (१९५२–५४), हरेकृष्ण महताब (१९५५-५६) व श्रीप्रकाश (१९५६–६२) हे आले. श्रीप्रकाश यांच्याच कारकीर्दीत १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले, त्यामुळे तेच राज्याचे पहिले राज्यपाल. विजयालक्ष्मी पंडित (१९६२–६४) या राज्याच्या पहिल्या महिला राज्यपाल. पी. सुब्बरायन (१९६२), पी. व्ही. चेरियन (१९६४–६९) व अली यावर जंग (१९७०–७६) यांचे पदावर असतानाच निधन झाले. सादिक अली, ओ. पी. मेहरा, आय्. एच्. लतीफ, कोना प्रभाकर राव, पुढे राष्ट्रपती झालेले शंकर दयाळ शर्मा (१९८६-८७), ब्रह्मानंद रेड्डी व सी. सुब्रह्मण्यम् यांच्यानंतर आलेले पी. सी. अलेक्झांडर (१९९३–२००२) यांची कारकीर्द सर्वांत दीर्घ ठरली. महंमद फजल, एस्. एम्. कृष्णा व एस्. सी. जमीर हे शंकरनारायणन यांचे पूर्वसूरी होत. भगतसिंह कोश्यारी (२०१९–२३), रमेश बैस (२०२३-२४) व सी. पी. राधाकृष्णन (२०२४-२५) हे अलीकडचे; राधाकृष्णन उपराष्ट्रपती झाल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये गुजरातचे राज्यपाल आचार्य देवव्रत यांच्याकडे महाराष्ट्राचा अतिरिक्त कार्यभार देण्यात आला.

राज्यपाल सामान्यतः परप्रांतीय असावा, या संकेतामुळे मराठी व्यक्तींनी हे पद अन्यत्र भूषविलेले आढळते : माधव श्रीहरी अणे (बिहार), न. वि. गाडगीळ (पंजाब), वसंतदादा पाटील (राजस्थान), रा. सू. गवई (बिहार व केरळ), राम नाईक (उत्तर प्रदेश) इत्यादी. ठाणे लोकसभा मतदारसंघाचे प्रतिनिधित्व केलेले कल्याणचे राम कापसे २००४–०६ या काळात अंदमान व निकोबार बेटांचे नायब राज्यपाल होते. नायब राज्यपाल हा केंद्रशासित प्रदेशाचा प्रशासक असल्याने हे पद राज्यपालपदाहून भिन्न आहे.

कोश्यारी यांच्या २०२० मधील अधिसूचनेने वनहक्क कायद्यात अनुसूचित क्षेत्रापुरता फेरबदल करून जिल्हास्तरीय समितीने फेटाळलेल्या दाव्यांवर विभागीय समितीकडे अपील करण्याची सोय केली. मूळ कायद्यात जिल्हास्तरीय समितीचा निर्णय अंतिम होता. शहापूर तालुक्यातील दावेदारांस हा मार्ग सर्व गावांत खुला झाला, मुरबाडमध्ये ७७ गावांत.